मॅरिगोल्डचा शेवटचा भाग

लेस्या प्रोकोपचुकला विनिपेगमधली माणसं दोन कारणांनी ओळखत. गुडघाभर बर्फ पडलं तरी शाळेच्या बसगाड्या वेळेवर सोडणारी बाई, ही एक ओळख. आणि रिअ‍ॅलिटी शोचं नुसतं नाव काढलं की जिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो ती बाई, ही दुसरी. पहिली ओळख नोकरीमुळे झालेली. दुसरीच्या मागे पंचवीस वर्षांचा राग होता.

'मॅरिगोल्ड' नावाची अंतराळातली मालिका चार वर्षं चालली. वाट चुकलेलं एक जहाज, त्यात तीनशे माणसं, आणि घरी परतायची त्यांची धडपड. चौथ्या वर्षाच्या शेवटी जहाज एका काळ्या ढगात शिरलं आणि त्यातले दिवे एकेक करून विझले. पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही, कारण पुढच्या मोसमात मालिकेच्याच वारी, शुक्रवारी, त्याच वेळेला, वाहिनीनं बारा अनोळखी माणसं एका घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवायला सुरुवात केली. लिहिणारे लागत नाहीत, नट लागत नाहीत, स्वस्तात पडतं. चाहत्यांनी निषेध म्हणून वाहिनीच्या कचेरीत लोकरीचे मोजे पाठवले. मॅरिगोल्डवर कायम थंडी असायची आणि सगळे खलाशी मोज्यांचे दोन-दोन जोड घालून फिरत, म्हणून मोजे. चौदा हजार जोड गेले. वाहिनीनं ते बेघर लोकांना वाटले, वाटतानाचे फोटो काढून घेतले आणि मालिका बंदच ठेवली.

चाहत्यांचं मंडळ मात्र उरलं. ते चालवलं लेस्यानं आणि वेंडेल ओक्सनं. वेंडेल तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, शाळेत भूगोल शिकवायचा. मंडळात लहानथोर सगळे त्याला 'मास्तर' म्हणत, लेस्यासुद्धा. कोणत्या भागात कोणत्या खलाशानं कोणत्या हाताला पट्टी बांधली होती ते त्याला विचारावं. मालिका बंद पडल्यावर वर्षभरात मंडळ ओसरायला लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी मालिकेचा जनक हॉलिस व्हिटलॉक याचं पत्र मास्तरांना आलं. व्हिटलॉक कधी कोणाला भेटत नसे, मुलाखती देत नसे. पण पत्रात त्यानं लिहिलं होतं की शेवटचा भाग लिहून तयार आहे, धीर धरा, आणि दिवा घराच्या दिशेला ठेवा. त्या एका वाक्यावर मंडळ तरलं. लोकांनी ते कपांवर छापलं, लग्नपत्रिकांत घातलं, एकदोघांच्या थडग्यांवरही कोरलं गेलं.

सात वर्षांपूर्वी मास्तरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी लेस्याचा हात धरला आणि सांगितलं, "ते पत्र मी लिहिलं होतं. मंडळ मोडत होतं गं. मला बघवेना." लेस्यानं त्यांचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "उद्या नीट बाहेर या, मग भांडू." ते नीट बाहेर आले, पण ती भांडली नाही. व्हिटलॉक तोवर वारला होता. तिनं ती गोष्ट पोटात ठेवली ती ठेवलीच.

आणि मग त्याच वाहिनीनं जाहीर केलं की व्हिटलॉकनं लिहिलेला शेवटचा भाग सापडला आहे. हॅमिल्टनजवळ एका गोदामात मॅरिगोल्ड जहाज हुबेहूब उभं केलंय. आठ चाहत्यांनी वीस दिवस त्यात राहायचं. दर तिसऱ्या दिवशी मतदान करायचं आणि निम्म्याहून जास्त मतं ज्याला पडतील त्याला हवाबंद दारातून बाहेर काढायचं. विसाव्या दिवशी जे उरतील ते कॅमेऱ्यासमोर तो शेवटचा भाग वाचतील.

लेस्यानं मंडळाच्या संकेतस्थळावर दोन पानं भरून शिव्या घातल्या. ज्या मालिकेत चार वर्षांत एकाही माणसाला दाराबाहेर सोडलं नाही, त्या जहाजात बसून आपणच आपली माणसं बाहेर फेकायची? दोनशे जणांनी खाली शाबासकी दिली. मास्तरांनी मात्र फोन केला.

"लेस्या, म्हणजे तो होता. शेवट खरंच होता. मी खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं."

"मास्तर, तो रिअ‍ॅलिटी शो आहे."

"असू दे. चोवीस वर्षं मी छातीवर धोंडा घेऊन झोपतोय. मला तो कागद डोळ्यांनी बघायचाय."

तिलाही बघायचा होता. हे तिनं मास्तरांपाशी कबूल केलं नाही, पण दोन आठवड्यांनी मास्तरांच्या पाठोपाठ तिनंही करारावर सही केली. करार चौऱ्याऐंशी पानांचा होता. आत जे घडेल, दिसेल, कळेल त्याबद्दल सात वर्षं बाहेर बोलायचं नाही, हे त्यातल्या एकसष्टाव्या पानावर होतं.

जहाज खरोखर हुबेहूब होतं. इतकं की पहिल्या दिवशी आठही जण एकेका वस्तूला हात लावत फिरत राहिले. भिंतींवरचे पितळी नळ, स्वयंपाकघराबाहेरचं तुटक्या कडेचं मोठं टेबल, सगळं जागच्या जागी. खिडक्यांतून तारे दिसत, ते दिव्यांचे होते. घड्याळ कुठेच नव्हतं. गळ्यापाशी एकेक माइक अडकवलेला, तो आंघोळीपुरता काढायचा. कॅमेरे छतात, कपाटात, आरशामागे. आणि कप्तान जिथं बसून रोजची नोंद करायचा ती छोटी खोलीही होती. तिथं आता एकेकाला बोलावून प्रश्न विचारत. भिंतीतल्या जाळीतून एका बाईचा आवाज येई. तिचं नाव कॉरिन, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी कॉरिननं वानगीदाखल शेवटच्या भागाचं अर्धं पान त्यांना वाचून दाखवलं. दिवे विझलेल्या जहाजात कप्तान अंधारात म्हणतो, "दिवा घराच्या दिशेला ठेवा."

सगळे एकदम उठले. रोशेल डुसेट नावाची मॉन्क्टनची एक तरुण नर्स होती, तिनं बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत तेच वाक्य गोंदलेलं. आई गेली त्या आठवड्यात गोंदवून घेतलं, असं ती सांगत होती आणि रडत होती. मास्तर एकटे बसून राहिले. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. लेस्याच्याही मनात काहीतरी खटकलं. पण तिनं स्वतःला समजावलं, मास्तरांनी ते वाक्य व्हिटलॉकच्याच कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललं असेल. त्यांना इतकं पाठ असतं, उचललेलं कळलंही नसेल. असं समजावलं की पुढे विचार करायची गरज उरत नव्हती.

मतदानाबद्दल आठ जणांनी आधीच ठरवलं होतं: प्रत्येकानं आपलंच नाव लिहायचं. पहिल्या फेरीत आठ वेगळी नावं निघाली. कॉरिन जाळीतून हसली आणि म्हणाली, "छान. नाव ठरेपर्यंत दिवे चालू राहतील."

दिवे चालू राहिले. किती वेळ, ते कोणाला सांगता येईना. डोक्यावरून चादर ओढली तरी पापण्यांतून उजेड आत येई. चांदीच्या पिशव्यांतला लापशीसारखा पदार्थ तीनदा आला, चौथ्यांदा आला, म्हणजे दीड दिवस झाला असावा. शेवटी ऑरेगनहून आलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय. मी जातो बाबांनो, तुम्ही झोपा." त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि ते दारातून बाहेर गेले. दाराला कुलूप नव्हतं. आगीच्या नियमानं ते लावताच येत नाही. ढकललं की उघडायचं. हे सगळ्यांनी पाहिलं, आणि सातही जण आपापल्या बिछान्याकडे वळले.

दुसऱ्या फेरीतही कोणालाच पुरेशी मतं पडली नाहीत. दिवे पुन्हा चालू राहिले, आणि लेस्याला नोंदखोलीत बोलावणं आलं.

"बसा, लेस्या. झोप झाली का?" शेजारीण कुंपणावरून विचारते तसा आवाज.

"ह्या उजेडात कोणाची होते हो?"

"ते तुमच्याच हातात आहे."

"आम्ही आपापलं नाव लिहिणार. कितीही वेळा विचारा."

"सगळेच आपलं नाव लिहितायत असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं नाही, माहीत आहे."

जाळीखालची फळी सरकली. आत एक चिठ्ठी होती. तिच्यावर 'लेस्या' लिहिलेलं. नकाशावर गावांची नावं लिहावीत तसं सुबक, एकसारखं अक्षर. हे अक्षर ती पाव शतक वाचत आली होती.

"एवढ्या वर्षांची मैत्री," कॉरिन म्हणाली. "काय वाटतं तुम्हाला?"

लेस्यानं ठरवलं होतं की ह्या खोलीत हवापाण्यापलीकडे काही बोलायचं नाही. रिअ‍ॅलिटी शोवाले माणसाला बाटलीत घालून हलवतात, हे तिचं स्वतःचं वाक्य होतं, मंडळाच्या संकेतस्थळावर डकवलेलं. पण दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि ते अक्षर समोर होतं.

"काय वाटायचंय?" ती म्हणाली. "ज्या माणसानं स्वतः बसून व्हिटलॉकचं पत्र लिहिलं आणि अख्ख्या जगाला फसवलं, तो मला काय सोडणार?"

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. जाळीपलीकडे काहीच आवाज नव्हता. नेहमी कॉरिन लगेच पुढचं विचारायची. ह्या वेळी बराच वेळ गेला.

"कोणतं पत्र?" कॉरिननं विचारलं. आवाजातली शेजारीण निघून गेली होती.

"काही नाही. मी झोपेत बोलतेय."

"लेस्या, 'शेवट लिहून तयार आहे' हे ज्या पत्रात आहे, ते?"

लेस्यानं चिठ्ठी उलटी करून ठेवली. जाळी बंद झाली. दहा मिनिटं, की अर्धा तास, ती नुसती बसून राहिली. उठून दाराशी गेली तर बाहेर एक पोरगा उभा, म्हणाला, "जरा थांबा हं, मॅडम." मग मागची भिंत दारासारखी उघडली आणि एक बाई आत आली. चाळिशीची, केस कसेतरी बांधलेले, हातात गार झालेली कॉफी. तिनं आधी लेस्याच्या गळ्यावरचा माइक काढून बंद केला.

"मी कॉरिन. ते खरं आहे का, एवढंच सांगा."

लेस्यानं तिच्याकडे बघितलं. आपण काहीतरी चमचमीत दिलंय, आता ही हात चोळत असेल, असं तिला वाटलं होतं. समोरची बाई तर घाबरलेली होती. आणि मग पहिल्या दिवशी जे खटकलं होतं ते आपसूक जागेवर बसलं.

"तुमच्याकडे व्हिटलॉकचा भाग नाहीये," लेस्या म्हणाली.

कॉरिन समोरच्या स्टुलावर बसली. "तीन वर्षं शोधलं आम्ही. गोदामं, त्याची बहीण, त्याचे वकील. पत्रात 'लिहून तयार आहे' असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे कुठेतरी असणार, हरवला असणार. त्या पत्रावर मी हा सगळा कार्यक्रम वाहिनीला विकला. मग मिळाला नाही म्हटल्यावर... पत्रावरून एकाकडून लिहून घेतला. वाटलं, त्याच्या मनात जे होतं त्याच्या जवळपासच असेल."

"ते मास्तरांच्या मनातलं आहे."

"ते आत्ता कळतंय मला."

हातातली गार कॉफी तिनं खाली ठेवली.

"हे टीव्हीवर जाणार नाही," कॉरिन म्हणाली. "आजचं सगळं पुसलं जाईल. तुम्हीही बोलायचं नाही, आतही नाही आणि बाहेरही नाही. सही केलीत तुम्ही."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग वकील बोलतील, मी नाही. आणि खरं सांगू का लेस्या, तुम्ही सांगितलंत तर जे फटके बसतील ते आम्हाला कमी आणि तुमच्या मास्तरांना जास्त बसतील. चोवीस वर्षं त्या पत्रावर जगलेले लोक आहेत ते. माझी फार तर नोकरी जाईल, दुसरी मिळेल." तिनं माइक पुन्हा लेस्याच्या गळ्याला लावला आणि बटण दाबायच्या आधी म्हणाली, "विसाव्या दिवशी रडू आलं तर रडा. तेवढं पुरे."

लेस्या परत आली तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात पिशवी गरम करत उभे होते. त्यांना सांगायला हवं होतं. पण जे बोलेल ते आधी माइक ऐकणार. कागद-पेन आत नव्हतंच. मग तिला हातांच्या खुणा आठवल्या. मालिकेत खलाशी जहाजाबाहेर पडले आणि रेडिओ बंद असला की अकरा खुणांनी बोलायचे. ह्या अकरा खुणा प्रत्येक चाहत्याला येतात. कॅमेऱ्यामागच्या पोरांपैकी मात्र कोणीच मालिका पाहिलेली नव्हती.

तिनं छातीपाशी मूठ धरली आणि बोटं एकेक करून उघडली. गळती. मग स्वतःकडे बोट दाखवलं. मग त्यांच्याकडे.

मास्तर बघत राहिले. पातेल्यातलं पाणी उकळून बाहेर यायला लागलं. त्यांनी गळ्यावर दोन बोटं टेकवली. हवा किती उरली?

तिनं मान हलवली. काहीच नाही.

त्यांनी शेगडी बंद केली. बोलले ते मात्र तोंडानं, उघड. "चिठ्ठी दाखवली ना तुला? तुझं नाव मीच लिहिलं. तू घरी जावंस म्हणून."

"मला विचारायचं होतं, मास्तर."

"कसं विचारू?" ते म्हणाले आणि गळ्यावरच्या माइकवर बोट आपटलं. "माझंच वाक्य त्या बाईनं वाचून दाखवलं तेव्हाच कळलं मला. म्हटलं, मी तर अडकलोच. निदान तुला तरी ह्यातून काढावं."

मास्तरांनी पिशवी तशीच ओट्यावर ठेवली आणि बाहेरच्या मोठ्या टेबलाकडे गेले. बाकीचे पाच जण तिथंच बसलेले, उजेडानं डोळे लाल झालेले. ते रोशेलच्या शेजारी बसले.

"मला काहीतरी सांगायचंय," ते म्हणाले. "व्हिटलॉकचं पत्र..."

त्याच क्षणी भोंगा सुरू झाला. जहाजाला भोक पडल्यावर मालिकेत वाजायचा तोच, पण कान फाटतील इतका मोठा. लाल दिवे फिरायला लागले. सगळ्यांनी कानांवर हात घेतले. मास्तर थांबले नाहीत. त्यांचे ओठ हलत राहिले, शांतपणे, वर्गात शिकवल्यासारखे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक अक्षर पोचत नव्हतं. पण रोशेल त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि लेस्याला तिचा चेहरा दिसत होता. रोशेलनं वर सारलेली बाही हळूच खाली ओढली. मनगटापर्यंत ओढली आणि मुठीत धरली.

भोंगा थांबला. कोणीतरी विचारलं, "काय म्हणत होतात, मास्तर?"

मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. रोशेल त्यांच्याआधी बोलली. "काही नाही. भोंग्यात मलाही ऐकू आलं नाही."

"रोशेल, तुला आलं ऐकू," मास्तर म्हणाले.

"नाही आलं." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आणि मास्तर, पाया पडते, पुन्हा सांगू नका."

मास्तर बसून राहिले. पुन्हा सांगितलं नाही त्यांनी. सांगायला निघालेला माणूस इतका दमलेला लेस्यानं कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशीच्या फेरीत आपापलं नाव लिहायचं ठरलेलं मोडलं. रोशेल चौघांशी काय बोलली ते लेस्याला कळलं नाही, पण सातांपैकी पाच चिठ्ठ्यांवर मास्तरांचं नाव होतं. सहावी चिठ्ठी त्यांचीच, तिच्यावरही तेच. लेस्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. मास्तर उठले, टेबलाच्या तुटक्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि दाराकडे चालू लागले. लेस्याला वाटलं, ते वळून बघतील. दार त्यांच्या मागे आपोआप बंद झालं, आणि लगेच जहाजभर अंधार झाला. सगळे झोपले. लेस्याही झोपली, मेल्यासारखी, आणि उठल्यावर त्याचीच तिला लाज वाटली.

पुढचे दिवस तिनं मोजले नाहीत. दर फेरीला तिनं आपलंच नाव लिहिलं, आणि दर फेरीला बाकीच्यांनी तिला ठेवून घेतलं. का, ते तिला कळेना. कॉरिनचं काम असेल, असं तिला वाटे. दोनदा ती दारापर्यंत गेली. दोनदा दारावर हात ठेवला. लाकडावर पत्र्याचा मुलामा, पलीकडून कोणाच्या तरी बोलण्याचा आवाज, खऱ्या कॉफीचा वास. ढकललं असतं तर उघडलं असतं. पण दारापलीकडे कुठेतरी मास्तर होते, आणि त्यांच्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. आत निदान कोणी विचारत नव्हतं. ती परत येऊन बिछान्यावर बसायची आणि खिडकीतले दिव्यांचे तारे बघायची. त्यांतला एक बिघडला होता, सारखा मिचमिचायचा.

विसाव्या दिवशी लेस्या, रोशेल आणि अजून एक जण उरले. त्यांच्या हातात शेवटचा भाग दिला गेला. कागद मुद्दाम पिवळे केलेले. लेस्याला कप्तानाचं काम आलं. तिनं ठरवलं होतं, दगडासारखं वाचायचं. बातम्या वाचतात तसं.

पण ज्यानं कोणी तो लिहिला होता, त्यानं चांगला लिहिला होता. अंधारात तीनशे माणसं एकमेकांना हाका मारतात आणि कप्तान एकेकाचं नाव घेऊन 'आहे' म्हणवून घेतो. लेस्या नावं वाचत गेली. पंचवीस वर्षं तिनं ह्या माणसांची काळजी केली होती. पन्नासाव्या नावापाशी ती हुंदके देऊन रडायला लागली. खोटा आहे, मला माहीत आहे खोटा आहे, असं ती मनात म्हणत होती आणि रडत होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आला आणि थांबला.

तेच रडणं जाहिरातीत आलं. मंडळातल्या ज्या लोकांना शंका होती, त्यांच्याही शंका फिटल्या. संकेतस्थळावर हजारो लोकांनी लिहिलं: लेस्या रिअ‍ॅलिटी शोची किती वैरीण, ती अशी रडली म्हणजे हा व्हिटलॉकचाच शेवट. एका बाईनं लिहिलं की तिचा नवरा हे बघूनच शांतपणे गेला. संकेतस्थळाची व्यवस्था लेस्याकडे. प्रत्येक निरोप आधी तिच्याकडे यायचा, ती वाचून बटण दाबायची, मग तो लोकांना दिसायचा. रोज संध्याकाळी ती बसायची आणि बटण दाबायची. मास्तरांना कार्यक्रमात एक कुरकुऱ्या म्हातारा करून टाकलं होतं, 'गुडघेदुखीनं बेजार' वगैरे. गुडघा ऑरेगनवाल्यांचा होता. लोक मास्तरांना हसत होते, तेही तिनं बटण दाबून पुढे जाऊ दिलं. अडवलं असतं तर का अडवलं ते सांगावं लागलं असतं. दोन महिन्यांनी तिनं ते काम दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकलं. कारण विचारलं तर डोळ्यांचं सांगितलं.

मास्तर तिच्याच गावात, असिनिबॉइन नदीच्या पलीकडे राहत. परत आल्यापासून दोघांचं बोलणं नव्हतं. एका शनिवारी तिनं बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, केल्या, डबा भरला, त्यांच्या दाराशी ठेवला, घंटी वाजवली आणि गाडीत जाऊन बसली. दार उघडलेलं तिनं पाहिलं. आठवड्यानं डबा तिच्या पायरीवर परत आला. धुतलेला, पुसलेला, आत काही नाही. चिठ्ठीही नाही.

असं तीनदा झालं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती कामावरून येऊन बूट काढत होती, तेव्हा फोन वाजला.

"टीव्ही लाव," मास्तर म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "बावीस नंबर."

तिनं एका पायात बूट तसाच ठेवून टीव्ही लावला. तळ्याकाठच्या एका बंगल्यात दहा-बारा तरुण माणसं, त्यांची लग्नं जुळवायचा कार्यक्रम.

"मास्तर, तुम्ही हे बघता?"

"आधी ती डावीकडची हिरव्या कपड्यातली मुलगी बघ. तिचा पेला बघ."

लेस्यानं बघितलं. मुलगी काहीतरी तावातावानं बोलत होती. पेल्यात दोन घोट दारू. कॅमेरा समोरच्या मुलाकडे गेला, परत आला, तर पेला भरलेला.

"भरला," लेस्या म्हणाली.

"आणि खिडकीतला उजेड?"

"उलट्या बाजूनं येतोय." ती बुटासकट खुर्चीवर बसली. "दोन वेगळ्या दिवसांचं बोलणं जोडलंय. ती त्याला उत्तर देतच नाहीये."

"मी वही केलीय. ह्या मोसमाचे सहा भाग झाले. एकशे बारा जागा सापडल्या." मास्तर थांबले. "डोळे दोन कमी पडतात मला."

लेस्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मास्तर, मी त्या दिवशी खोलीत..."

"आत्ता नको," ते म्हणाले. रागानं नाही. "आत्ता बघू दे. बघ, बघ, आता ती कोणाकडे बघतेय?"

हिरव्या कपड्यातली मुलगी एकटी बसली होती. तिची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला होती, कोणीतरी तिथं उभं असावं तशी. तिचे ओठ हलले, पण वर गाणं घातलेलं होतं. मग एकदम दुसरंच दृश्य आलं, सगळे पोहत होते.

"काहीतरी बोलली ती," लेस्या म्हणाली. "कापलंय ते. मास्तर, मागे घ्या जरा."

"घेतो," मास्तर म्हणाले, आणि फोनवर तिला त्यांच्या पेन्सिलीचा आवाज ऐकू आला.